कंडेन्सरकाका

शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांतल्या मराठी घरांची बेसमेंटं साधारण एका वळणाची असतात. एका कोपऱ्यात गणपतीचं मखर, दुसऱ्या कोपऱ्यात नव्या वर्षाच्या संकल्पाची ट्रेडमिल, आणि मधे पिंगपाँगचं टेबल, ज्यावर पिंगपाँग सोडून सगळं चालतं. कंडेन्सरकाकांच्या बेसमेंटमध्ये यातलं काही नाही. जिना उतरायला लागलं की आधी वास येतो: रोझिनचा, वितळलेल्या मेणाचा आणि तापलेल्या धुळीचा. मग दिसतो ज्यूकबॉक्स. क्रोमच्या पट्ट्या, रंगीत दिवे, काचेआड ओळीनं उभ्या रेकॉर्डी, सगळा थाट जागच्या जागी. फक्त आवाज नाही. कारण त्याचा अँप्लिफायर बाहेर काढून टेबलावर पोट वर करून ठेवलेला असतो.

काकांचं खरं नाव महाराष्ट्र मंडळाच्या यादीत आहे, पण ते वर्गणीपुरतंच लागतं. कपॅसिटरला कंडेन्सर म्हणणारे आमच्यात ते एकटे उरलेत, आणि तो शब्द ते दर तिसऱ्या वाक्याला वापरतात, तेव्हा नाव पडायला वेळ लागला नाही. मात्र त्यांना एकटे समजू नये. ही एक जात आहे आणि ती जगभर आढळते. या जातीचा माणूस गाणं ऐकायला मिळावं म्हणून यंत्र दुरुस्त करत नाही. यंत्र दुरुस्त करायला मिळतंय म्हणून त्यातून गाणं आलं तर तो चालवून घेतो.

लक्षणं लहानपणीच दिसली होती. काका पुण्याचे. बरोबरीची मुलं पर्वती चढत होती तेव्हा हे बुधवार पेठेत तपकीर गल्लीत रेडिओवाल्यांच्या दुकानांपुढे उभे असायचे. पुढे शिकायला मुंबईला गेले आणि तिथल्या एका इराण्याच्या हॉटेलात त्यांना पहिल्यांदा ज्यूकबॉक्स दिसला. चार आणे टाकले की एक गाणं. मित्र पुढून बटणं दाबून गाणी निवडायचे, आणि काका यंत्राच्या मागे जाऊन जाळीला डोळा लावायचे. आत व्हॉल्व्ह लालसर पेटलेले दिसायचे. इराण्याला संशय, की पोरगा चार आणे न टाकता काहीतरी साधतोय. एकदा त्यानं काकांना खांद्याला धरून पुढे आणलं आणि खुर्चीवर बसवलं. ‘ते गाणं कुठलं होतं हो?’ असं मी विचारलं, तर काका म्हणाले, ‘गाणं? पुशपुल आउटपुट होतं.’

अमेरिकेत काकांनी टेलिफोनच्या उपकरणांवर आयुष्यभर नोकरी केली. तिथे बिघडलेलं कार्ड उपसायचं, नवं खोचायचं आणि जुनं टाकून द्यायचं. ‘तिला दुरुस्ती म्हणत नाहीत,’ काका म्हणतात, ‘तिला बदली म्हणतात.’ ही सल घेऊन निवृत्त झालेला माणूस काय करणार? विस्कॉन्सिनमधला एक जुना बार मोडीत निघाल्याचं त्यांच्या कानावर आलं. तिथून परतले ते सीबर्ग कंपनीचा १९५२ सालचा एम१००सी घेऊन. काकूंना फोनवर सांगितलं होतं, ‘एक रेकॉर्ड प्लेअर मिळालाय.’ तो उतरवायला मंडळाच्या गणपतीची मूर्ती उचलणारे पाचजण बोलवावे लागले. त्यात मीही होतो. आमच्यातल्या एकानं सवयीनं ‘मोरया’ म्हटलं, तेव्हा काकू दारात आल्या आणि काय आलंय ते त्यांना कळलं.

आता या सीबर्गचा अभिमान काकांना का आहे, ते ऐकून घ्यावंच लागतं. त्याशिवाय जेवण मिळत नाही. एक तर तो शिकागोचा. कारखाना उत्तर डेटन स्ट्रीटवर होता. काढणारे जस्टस सीबर्ग स्वीडनहून आलेले. याच गावात ज्यूकबॉक्स बनवणारे डेव्हिड रॉकोला कॅनडात जन्मलेले. ‘बाहेरून आलेल्यांचाच धंदा आहे हा,’ काका म्हणतात आणि आपल्या छातीकडे बोट करतात. बाकीच्या कंपन्या वीस-चोवीस गाण्यांवर खूश होत्या, तेव्हा सीबर्गनं १९४८ साली शंभर गाण्यांचं यंत्र काढलं. पन्नास रेकॉर्डी उभ्या ठेवलेल्या. मधून रुळावरून एक गाडी सरकते, हवी ती तबकडी उचलते आणि उभीच ठेवून हव्या त्या बाजूनं वाजवते. पाहुण्यांना हे बघायला मनापासून आवडतं. नेमकं तिथेच काका त्यांना बाजूला घेतात. ‘ते मेकॅनिकल आहे. तेल घातलं की चालतं. इकडे या.’

इकडे म्हणजे टेबलाकडे. श्रीखंड-पुरीला आलेला माणूस हातात वाटी घेऊन एका गंजक्या पत्र्याच्या पेटीचा तळ बघत उभा राहतो, आणि काका सळईनं एकेक जागा दाखवतात. मी ते इतक्यांदा ऐकलंय, की आता झोपेत सांगेन. पिनमधून आलेला आवाज मुंगीएवढा. एक व्हॉल्व्ह तो वाढवतो, पुढच्याकडे देतो, तो आणखी वाढवतो, आणि शेवटी दोन सिक्स एल सिक्स मिळून तो स्पीकरमध्ये ढकलतात. सिक्स एल सिक्स हा आरसीएनं १९३६ साली बाजारात आणलेला व्हॉल्व्ह. काकांच्या देवघरात तो नाही, एवढंच. दोन टप्प्यांच्या मधे असतो कंडेन्सर. त्याचं काम असं, की गाणं पलीकडे जाऊ द्यायचं आणि डीसी व्होल्टेज अडवायचं. जुना कंडेन्सर मेणात बुडवलेल्या कागदाचा. सत्तर वर्षांत त्या कागदानं दमट हवा पिऊन घेतलेली असते. मग तो थोडंथोडं डीसीही सोडायला लागतो, पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको ते व्होल्टेज चढतं, व्हॉल्व्ह बेफाम करंट ओढतो आणि त्याची प्लेट लालबुंद होते. ‘पाच पैशांच्या कागदापायी एवढा मोठा ट्रान्स्फॉर्मर जळतो!’ इथे काका नेहमी पाहुण्याकडे अशा नजरेनं बघतात, की त्याला वाटावं, कागद आपणच ओला केला.

यावर उपाय सोपा आहे. जुने कंडेन्सर कापून काढायचे, नवे लावायचे. साधा मेकॅनिक एका दुपारी हे करतो. पण काका त्या जातीचे, ज्यांना सोपा उपाय म्हणजे स्वतःचा अपमान वाटतो. नवे कंडेन्सर पिवळेधमक, करंगळीएवढे. ‘१९५२ सालच्या पेटीत हे दिसणार?’ म्हणून काका जुन्या कंडेन्सरचं कवच शाबूत ठेवतात, तापवून आतला कागद ढकलून काढतात, त्या जागी नवा बसवतात आणि दोन्ही तोंडं पुन्हा मेणानं बंद करतात. फिल्टर कंडेन्सरच्या ॲल्युमिनियमच्या मोठ्या डब्याही बुडाशी कापून तसंच. पारी अखंड ठेवून मोदकाचं सारण बदलावं, तसला प्रकार. हे सगळं पत्र्याच्या पेटीच्या आत, ती पेटी ज्यूकबॉक्सच्या आत, आणि ज्यूकबॉक्सची पाठ भिंतीला. तिथे कोण बघणार आहे, असं मी एकदा विचारलं. काका काही बोलले नाहीत. पण पुढचे काही दिवस मंडळातल्या लोकांना माझ्याबद्दल ‘मुलगा हुशार आहे, पण फिनिशिंग नाही’ असं सांगत होते.

ते मेण वितळवायला त्यांनी काकूंचं तूप कढवायचं पातेलं नेलं. त्या गौरींना आमच्याकडे वरणावर जे तूप पडलं, त्याबद्दल मी अधिक लिहीत नाही.

दुसरं पाहण्यासारखं म्हणजे काकांचा डावा हात. या अँप्लिफायरमध्ये चारशेच्या घरात व्होल्ट असतात आणि प्लग काढला तरी मोठ्या डब्या ते धरून ठेवतात. दोन्ही हात आत घातले आणि शॉक बसला, तर करंट एका हातातून दुसऱ्या हातात छातीमार्गे जातो. म्हणून जुने मेकॅनिक एक हात खिशात ठेवून काम करत. काकांनी हा नियम इतका अंगी बाणवलाय, की आरतीला ते एकट्या उजव्या हातानं टाळी वाजवतात. मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये प्रत्येक फोटोत त्यांचा डावा हात खिशात आहे. व्याह्यांचा समज झाला, की हे खर्चासाठी सारखे पाकीट काढताहेत, आणि त्यांच्याबद्दलचा आदर वाढला.

पहिल्यांदा वीज देण्याचा तर सोहळाच. दुरुस्त केलेला अँप्लिफायर काका थेट भिंतीतल्या सॉकेटला कधी लावत नाहीत. मधे डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज थोडंथोडं चढवता येतं; आणि त्याच्याही आधी शंभर वॉटच्या दिव्याचा सिरीज लँप. आत कुठे शॉर्ट असेल तर दिवा भगभगून पेटतो आणि अँप्लिफायर वाचतो. सगळं ठीक असेल तर दिवा क्षणभर उजळून मंदावतो. याला जुना तारेचा दिवाच लागतो, एलईडीचा उपयोग नाही. अमेरिकेनं शंभर वॉटचे साधे दिवे बाजारातून घालवायला सुरुवात केली त्या सुमाराला, २०११-१२ साली, काकांनी साठा करायला घेतला. जिन्याखाली खोकी आहेत. काकूंनी घरभर एलईडी लावले, विजेचं बिल कमी झालं म्हणून साखर वाटली, आणि त्यांच्या पायाखाली दोन पिढ्यांना पुरेल एवढा अंधार घालवायची सोय खोक्यांत पडून आहे.

व्हॉल्व्ह मात्र साठवूनही पुरत नाहीत. नवे सिक्स एल सिक्स आता रशियात, स्लोव्हाकियात आणि चीनमध्ये बनतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि पुढच्या महिन्यात रशियाहून व्हॉल्व्ह येणं अडणार अशी बातमी आली, तेव्हा काका रात्रंदिवस बातम्यांसमोर बसले. काकूंना बरं वाटलं, की अखेर यांना जगाची काळजी वाटायला लागली. ‘माणसं मरताहेत हो,’ त्या म्हणाल्या. ‘तर काय,’ काका म्हणाले, ‘आणि एका जोडीची किंमत बघ.’ त्या रात्री काकांना वर जेवायला बोलावलं गेलं नाही.

काकूंबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण नसत्या तर ही गोष्ट अजून पहिल्या कंडेन्सरवर अडलेली असती. काकू गाणं शिकवतात. दर शनिवारी वरच्या दिवाणखान्यात इथे जन्मलेली आठ-दहा मुलं मांडी घालून, म्हणजे जमेल तशी मांडी घालून, सा लावतात. सीबर्गच्या अँप्लिफायरमध्ये गाण्याचा चढउतार आपोआप आवरणारी एक सोय आहे: एक रेकॉर्ड जोरात भरलेली, दुसरी दबकी, तरी गिऱ्हाइकाला दोन्ही सारख्याच ऐकू याव्यात. काका त्यावर पाऊण तास बोलतात. ती सोय माणसांना बसवता येत नाही हे विज्ञानाचं अपयश आहे, असं काकूंचं मत.

दोघांचं एकदाच जोरदार वाजलं, ते भोकावरून. अमेरिकन ज्यूकबॉक्सच्या पंचेचाळीस फेऱ्यांच्या रेकॉर्डीला मधे दीड इंचाचं भोक लागतं. भारतात निघालेल्या ईपींचं भोक लहान. काकूंकडे माणिक वर्मांची एक ईपी आहे, माहेरून आणलेली. काकांनी भोक पाडायचं पंच मागवलं. ‘फक्त मधलं जातं, गाणं जात नाही,’ हा त्यांचा युक्तिवाद, आणि तांत्रिकदृष्ट्या तो खरा आहे. शिवाय ईपीवर एका बाजूला दोन गाणी, म्हणजे एका नाण्यात दुप्पट माल, हेही त्यांनी पटवून पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती ईपी बँकेच्या लॉकरमध्ये दागिन्यांशेजारी गेली. पंच कुठे गेलं ते काकांना आजतागायत सापडलेलं नाही. तांदळाच्या डब्यात खूप खाली हात घातला तर सापडेल, असा माझा अंदाज आहे.

तर कंडेन्सर झाले, रेझिस्टर तपासून झाले, व्हॉल्व्ह नवे आले, आणि अँप्लिफायर वाजला. पण त्याच्यात हमिंग होतं. बारीक, अखंड, रेकॉर्ड थांबली की स्पष्ट ऐकू येणारं. पाहुण्यांना ते ऐकू यायचं नाही. काका त्यांना ऐकायला लावायचे. ‘येतंय का?’ म्हणायचे, आणि हो म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत. काकांना दुसरं काही ऐकूच येईना. इथली वीज साठ सायकलची, रेक्टिफायरमधून गेली की त्याचं दुप्पट, एकशेवीस. ‘आपल्याकडे पन्नासची वीज, शंभरचं हमिंग,’ ते एकदा हळवे होऊन म्हणाले. ‘लहानपणी तेच ऐकलंय. इथलं अजून परकंच वाटतं.’ देश सोडलेल्या माणसांना आंब्याची, पावसाची, आईच्या हातच्या भाकरीची आठवण येते. विजेच्या खांबाची आठवण येणारा मला हा एकच भेटला.

अशाच एका शनिवारी वर भूप चालला होता. काकूंची पेटी तिकडून आणलेली, पांढरी पाचहून जराशी चढी. मुलं गंधारावर आली की घसरायची. एक मुलगी म्हणाली, ‘टीचर, समवन इज सिंगिंग डाउनस्टेअर्स.’ काकू गप्प झाल्या. कान दिला. मग जिन्याच्या तोंडाशी येऊन त्यांनी हाक मारली, ‘अहो! तुमच्या त्या पेटीचा कोमल गंधार बंद करा, माझ्या पोरांचा भूप शिवरंजनी व्हायला लागलाय!’

काका धावत वर आले. डावा हात खिशातच. त्यांनी कागदावर गणित मांडलं: काकूंचा सा जवळजवळ दोनशे कंपनांचा; खालच्या हमिंगचं वरचं सप्तक दोनशेचाळीस; सहास पाच. कोमल गंधार, अगदी शास्त्रोक्त. म्हणजे भारतातलं हमिंग षड्ज धरलं, तर अमेरिकेतलं त्याचा कोमल गंधार! काका इतके आनंदले, की मुलांना पंधरा मिनिटं रेक्टिफायर शिकवून गेले. काकूंनी अडवलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच दोघं एका विषयावर बोलत होती.

खरी गंमत त्याच्या पुढची. काकांनी फिल्टरच्या मोठ्या डब्या पुन्हा उघडल्या आणि बदलल्या. हमिंग कमी झालं, गेलं नाही. पुन्हा उघडायला निघाले, तर काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, ‘आज खालचा सूर एक सप्तक उतरलाय.’ काका जागच्या जागी थांबले. सप्तक उतरलं म्हणजे एकशेवीसचं साठ झालं. एकशेवीसचा दोष फिल्टरकडे, साठचा दुसरीकडे: एखाद्या व्हॉल्व्हच्या हीटरमधून कॅथोडकडे गळती, किंवा अर्थिंगचा घोळ. जे ओळखायला माणसं ऑसिलोस्कोप विकत घेतात, ते काकूंनी मेथी निवडताना सांगितलं. पुढच्या टप्प्यातला एक लहान व्हॉल्व्ह बदलला आणि हमिंग बंद पडलं.

दिवाळीला काकांकडे मंडळ जमलं. ज्यूकबॉक्स बंद पाठीनं भिंतीला लावलेला, दिवे फिरताहेत, बायका-मुलं नाणी घालताहेत, जुन्या अमेरिकन गाण्यांवर मंडळाचे माजी अध्यक्ष चक्क नाचले. काका बाजूला उभे होते, चेहरा उतरलेला. दोन गाण्यांच्या मधे स्पीकरला कान लावायचे आणि आणखी खट्टू होऊन सरळ व्हायचे.

‘बिघडलंय का काही?’ काकूंनी विचारलं.

‘तेच तर नाही ना,’ काका म्हणाले.

त्यानंतरचे दिवस घरात कठीण गेले असावेत. काकांनी मायक्रोवेव्ह उघडून बघितला. शेजाऱ्याच्या गराजचं दार न सांगता नीट केलं. मला फोन करून माझी गाडी कसा आवाज करते ते विचारलं. गाडी विजेवर चालते म्हटल्यावर फोन ठेवला. ओहायोतल्या एका निवृत्त ट्रकड्रायव्हरशी त्यांची दोस्ती आहे. तो याच जातीचा. दोघांना एकमेकांचं इंग्रजी धड कळत नाही, व्हॉल्व्हचे नंबर कळतात. त्याच्याशी रात्री उशिरापर्यंत बोलणं वाढलं, तेव्हा काकूंनी काय ते ओळखलं आणि आपण होऊन मंडळाच्या पाचजणांना शनिवारी मोकळे राहायला सांगितलं.

या खेपेला रॉक-ओला होता. आत उंदरांचं घरटं, दिवे फुटलेले. कुणी ‘मोरया’ म्हटलं नाही. पाठीचा पट्टा बांधून निमूट जिना उतरलो. काकांनी चारच दिवसांत त्याचा अँप्लिफायर उपसला, सिरीज लँपवर घेतला आणि डिमरस्टॅट चढवत नेला. दिवा उजळला, मंदावला. स्पीकरमधून घूं असा आवाज भरून आला. काकांचा चेहरा उजळला. ‘फिल्टर गेलेत,’ ते मला म्हणाले आणि पक्कड उचलली, ‘सगळे काढावे लागणार.’

वर पेटीचा सूर थांबला. जिन्याच्या तोंडाशी काकू आल्या, क्षणभर कान देऊन उभ्या राहिल्या.

‘अहो, अतिमंद्रातला आहे,’ त्या म्हणाल्या. ‘फिल्टरला हात लावू नका. हीटर बघा.’